कारैकालच्या नाक्यावरची मोटार

माझ्या चुलत सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणाची परवानगी मागितली नाही. जन्माला येतानाही ते सुइणीसाठी थांबले नव्हते म्हणे. तंजावरचं मराठी राज्य खालसा होऊन पिढ्या उलटल्या, इंग्रज तंजावुरात मुरला, तरी यांचं म्हणणं एकच, "राज्य गेलं. रस्ता गेला म्हणून कोण बोललं?" म्हणून मोटार ते रस्त्याच्या मधोमध हाकायचे. तिरुवैयारूच्या वाटेवर एकदा देवळाचा हत्ती समोर आला. बराच वेळ दोघेही हटेनात. शेवटी हत्तीनंच समजूतदारपणा दाखवला. विम्याचं नाव काढलं की ते भडकत. "अपघात होईल म्हणून मीच लिहून देऊं? उद्या तिरडीचा बांबूही आणून ठेव म्हणाल!"

त्यांची एकुलती एक लेक कारैकालला, म्हणजे फ्रेंचांच्या मुलखात दिलेली. पोर पहिलटकरीण. दुसऱ्या दिवशी आठवा महिना लागला की तिची सासू तिला उंबरा ओलांडू देणार नव्हती, म्हणून तिला माहेरी आणायला आम्ही दोघे घाईनं निघालो. हद्दीवरच्या शिपायानं अडसर पाडला. फ्रेंच मुलखात चालणारा विम्याचा दाखला नाही, तर मोटार आत नाही! सासरे उसळले, "अरे, हें कारैकाल तुमच्या फ्रेंचांना दिलं कुणी? आमच्या राजानं! देणाऱ्याच्या माणसाला दारांत अडवतोस?" शिपाई नम्रपणे म्हणाला, "राजाचा कागद असला तरी चालेल, सामी."

दुसरा कुणी हात चोळत परतला असता. यांनी मोटार बंद केली, शेजारच्या शेतातून बैल मागून आणले आणि मोटारीला जुंपले. "माप्पिळ्ळै, चढा," ते मला, म्हणजे जावयाला, म्हणाले. "आतां ही बैलगाडी. बैलांचा विमा माग म्हणावं!" शिपायानं नियमांचं पुस्तक चाळलं, डोकं खाजवलं आणि अडसर उचलला. डोईला पगडी, हाती स्टिअरिंग, पुढे बैलांची शेपटं, अशा थाटात आम्ही फ्रेंच मुलखात शिरलो. मला त्यांचा भारी अभिमान वाटला.

लेक हसून हसून बेजार झाली. मोटारीत बसल्यावर मात्र म्हणाली, "अप्पा, आणायला आलास, बरं केलंस. सोडायला येशील तेव्हां मांडीवर बाळ असेल. तेव्हां कागद घेऊन ये." घरी पोचताच सासऱ्यांनी मुकाट्यानं विमा उतरवला. "सरकारला भिऊन नव्हे," एवढं मात्र बजावलं.

बाळंतपण सुखरूप झालं. बाळ मान धरू लागल्यावर आम्ही मायलेकरांना पोचवायला निघालो. नाक्यावर सासऱ्यांनी दाखला काढून हातात धरला. शिपाई ओळखीचं हसला आणि कागद न बघताच त्यानं अडसर उचलला.

परतताना मागची बैठक रिकामी होती. पापनाशम गाव येईपर्यंत ते वळून वळून तिच्याकडे बघत होते. मग मोटार रस्त्याच्या कडेला घेऊन म्हणाले, "आज कां नाही अडवलं त्यानं, माप्पिळ्ळै?"