सावर फुलेपर्यंत

आमची सरूआत्या म्हसा गावाच्या अलीकडं वाडीत राहायची. गोधड्या सगळ्याच बाया शिवतात, पण सरूचं वेगळं. थंडीतलं रान दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. सकाळी कापलेल्या भाताच्या खुंटांवर कोळ्याची जाळी दवानं भरलेली असायची, ती उकिडवी बसून बघत राहायची. मग घरी येऊन पांढऱ्या दोऱ्यानं तसेच गोल गोल टाके घालायची.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. दिवाळी झाली नि नवरा सुक्या कल्याणकडं वीटभट्टीवर गेला. पोर रत्ना अंगावर पिती, म्हणून सरू मागं राहिली. घरातली जुनी गोधडी पार विरलेली. सुक्या नुसतं गोणपाट घेऊन निघाला.

"नवी करून धाडते," सरू बोलली.

"धाड. पण सरे, रान नको शिवत बसू. मला पांघरायचंय, चरायचं नाय!"

दोघंबी हसली.

सरळ टाके घातले असते तर गोधडी कवाच झाली असती. पण दवाची जाळी झाली, तोवर वाल फुलला. वालाची फुलं काढली, तोवर बांधावरच्या सावरीची पानं गळाली. त्या नागड्या फांद्या तिनं काळ्या दोऱ्यानं मधोमध काढल्या. आता त्यांच्यावर लाल फुलं पायजेत, नि सावर तर अजून फुलायची होती. न बघता काढलेलं फूल खोटं दिसतं, असं तिचं म्हणणं.

म्हशाच्या जत्रेला दीर महिपत भट्टीवरनं आला.

"वैनी, दादा बोलला, जशी असंल तशी दे. लय खोकतोय तो."

"कळ्या धरल्यात भावजी. आठ दिस थांबाया सांगा. भट्टीपाशीच निजतो ना? ऊब असंल तिथं."

महिपतला जत्रेची घाई. ऐकलं न ऐकलं करून तो जत्रेकडं पळाला.

सावर फुलली. झाडाखालनं पडलेलं फूल उचलून सरूनं मांडीवर ठेवलं नि त्याच्याकडं बघून काढाया लागली. चार पाकळ्या झाल्या. पाचवीला सुई घातली नि वाडीत टेंपो आला. टेंपोत सुक्या, गोणपाटात गुंडाळलेला.

"भट्टीपाशी निजत होता ना वो भावजी? ऊब होती ना?" ती विचारतच राहिली.

महिपत मान खाली घालून बोलला, "भट्टी पेटलीच नाय वैनी. अवकाळी पडला, कच्च्या विटा विरघळल्या. ओल्या मातीवरच निजायचो आमी."

त्यानंतर सरूनं गावाच्या गोधड्या शिवल्या, पण सरळ टाक्याच्या. एक फूल नाय.

"अगो, काठ उघडाच राहिलाय," बाया हसायच्या.

"काठ मागनं शिवू. आधी ने, पांघर."

सावर फुलली की ती त्या बांधानं जायची नाय. पाण्याला लांबून फेरा घ्यायची.

दोन हजार नऊच्या पौषात सरू गेली. रत्ना सासरहून आली, पेटी उघडली नि बापाची गोधडी काढली. कोणाच्याच अंगावर न पडलेली. चार पाकळ्या, नि पाचवीच्या जागी सुई, गंजून कापडात रुतलेली. आयेला टोचंल म्हणून रत्नानं ती ओढून काढली. मग गोधडी तिच्या अंगावर घातली, पार गळ्यापर्यंत.

बाहेर थंडी लय होती.