पारावरचा कॅमेरा आणि दत्तूआप्पा वकील

दत्तूआप्पा वकिलांशी माझी ओळख झाली ती पिठाच्या डब्यापाशी. एका बातमीसाठी शिरूरहून खुटबावला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, पाण्याआधी रिकामा डबा पुढे केला. "मोबाइल ह्यात ठिवा. वकिलाकडचं बोलणं तिसऱ्यानं ऐकायचं न्हाई." डबा नीट झटकलेला नव्हता. माझ्या फोनला आठवडाभर ज्वारीचा वास येत होता. आप्पांच्या तत्त्वनिष्ठेचा मला झालेला उपद्रव एवढाच.

बातमी होती शेजारच्या गावातली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे पुष्कळ टिपलं गेलं आहे. सरकारी निधीतून चोर पकडायला कॅमेरा आला, पण रोखला गेला पारावर, आणि चित्र दिसायचं, बोलणं ऐकू यायचं ते सरपंचांच्या मोबाइलवर. फुलं तोडणाऱ्या बायका मजुरीवाढीचं बोलायला पारावर जमल्या. दुसऱ्या सकाळी सरपंचांच्या मळ्यावर मजूर नेणारी गाडी पुढे होऊन बोलणाऱ्या सरूबाईंसाठी थांबलीच नाही. वेदान्तातला साक्षीही सगळं पाहतो. पण तो चहाड्या करत नाही.

सरूबाईंच्या बाजूने आप्पा तिथल्या ग्रामसभेत कॅमेऱ्याविरुद्ध बोलायला उभे राहिले, तेव्हा सरपंच म्हणाले, "आप्पा, ज्यानं काय केलंच न्हाई, त्यानं कशापायी भ्यायचं?"

"व्हय की! मग पयला तुमच्या ओसरीवर लावू. कोण येतं, काय ठिवून जातं, गावालाबी दिसंल."

सभा पोट धरून हसली आणि कॅमेरा होता तिथेच ठेवून घरी गेली.

आप्पांनी सरूबाईंच्या वतीने, फी न घेता, दौंडच्या कोर्टात दावा लावला. तारखा पडत गेल्या. आप्पांचे गुडघे गेले, माझ्या संपादकांचा रस गेला. यंदा कॅमेरा रस्त्याकडे वळवण्याचा हुकूम झाला.

आम्ही पाहायला गेलो. बायका पारावर बसल्या होत्या, पण कुजबुजत.

"सरूबाई, आता कोण बघतंय? बोला की मोठ्यानं!"

"आप्पा, सवयच मोडली वो."

आप्पा गुडघा धरून पारावर टेकले. दावा जिंकून इतका थकलेला वकील मी पाहिला नव्हता.

तेव्हापासून ते दर बाजारच्या दिवशी तिथे बसतात आणि सरकारपासून काकूंच्या आमटीपर्यंत सगळ्यांना मोठ्याने नावं ठेवतात. परवा सरूबाई ओरडल्या, "सांगू का काकूला?" पार हसला. मजुरीचं बोलणं मात्र अजून हळूच चालतं.

आप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. शंभर शरदांचा आशीर्वाद द्यायची रीत आहे. मी तो गुडघ्यांसकट देतो. मजुरीचं ते बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू आलं, की आप्पांनी खुशाल घरी बसावं. तोवर त्यांना रजा नाही.