न विचारता आणलेला राजा

पनवेलहून आमच्या महिला मंडळाची सहल म्युझियमला गेली, त्यात एक म्हातारी होती. इजिप्तच्या राजाचं नाक तुटलेलं दगडी डोकं दिसताच तिने पदर डोक्यावर घेतला.

"याला इचारून आनलाय का?"

"आजी, हा देव नाही, राजा आहे." घरातली पहिली पदवीधर मी, समजावून सांगायची सवयच आहे.

"मंग त आनखीन इचाराला पायजे!" तिने हात जोडले. "इमानतळापायी आमचा गाव उठला. गावदेवाला सोमवारी करंजाड्यात, नव्या जागंवर हलवतान. कौल नाय घेतला. त्याचा बी आसाच झाला तं?"

पाठ न दाखवता ती मागे मागे सरकत दाराबाहेर गेली.

खोलीत मी एकटीच उरले. त्या दगडी डोळ्यांकडे पाठ फिरवायची माझीही हिंमत झाली नाही.