शेषरावभाऊंची पाखरांची वही

आमच्या धावपट्टीचं नाव मी सांगणार नाही. अमरावती आणि अकोल्याच्या मधे कुठंतरी आहे, एवढं पुरे. नाव छापलं तर आजूबाजूची चार गावं ती आमच्याच शिवारात येते म्हणून भांडत बसतील. मी तिथल्या टॉवरमध्ये बसते आणि विमानांना उतरायची-उडायची परवानगी देते. नाव संध्या. माहेर अकोल्याच्या जठारपेठेतलं, त्यामुळे तोंड फटकळ. पण ही गोष्ट माझी नाही, शेषरावभाऊंची आहे.

शेषरावभाऊ ठेकेदाराच्या माणसांपैकी. काम एकच: धावपट्टीवरची पाखरं हाकलायची आणि दिसली तेवढी वहीत लिहायची. इंजिनात एक घार गेली तर काय होऊ शकतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून ते पाखरांशी वैर धरून आहेत. वही मात्र जीव लावून लिहितात. "सकाळी आठ वीस. बगळे चार. फटाका फोडला. तीन गेले. एक बहिरा असावा." हे वाचून मी टॉवरमध्ये एकटीच हसत बसते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आठवड्याला तीन विमानं यायची. आता रोज दोन येतात, शिवाय शिकाऊ वैमानिकांच्या घिरट्या. विमानं वाढली तशी वहीतली पाखरंही वाढली. या जानेवारीत सदतीस नोंदी झाल्या. आमच्याएवढ्या बाकीच्या धावपट्ट्यांवर दोन, तीन, फार तर चार. वरच्या कार्यालयातून तपासणीचं पत्र आलं आणि ठेकेदार शेषरावभाऊंवर घसरला.

"एवढी पाखरं म्हनजे तू झोपा काढून राह्यला. आकडा खाली आन, नाईतर मी मानूस बदलतो."

शेषरावभाऊ टॉवरखाली येऊन उभे राहिले. "मॅडम, पाखरू दिसलं तं लिवू का नोको?"

"लिहा," मी म्हटलं. मला काय जातंय सांगायला! नोकरी त्यांची जाणार होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारचं विमान उतरायला दोन मिनिटं असताना पश्चिमेच्या टोकावर घारींचा थवा उठला. मी वैमानिकाला सांगितलं, त्यानं विमान पुन्हा वर उचललं, एक फेरी मारली आणि दहा मिनिटांनी नीट उतरवलं. कुणाला काही झालं नाही. प्रवाशांना वाटलं, वैमानिक वरून शेतं दाखवून राह्यला.

शेषरावभाऊ सायकल घेऊन त्या टोकाला गेले आणि अर्ध्या तासानं चेहरा पाडून परत आले.

"कारण सापडलं?"

"सापडलं. घरीच सापडलं, मॅडम."

कुंपणाला लागून त्यांचंच वावर आहे. त्यांच्या बायको दुर्गाबाई तिथं भाजी पिकवून अंजनगावच्या बाजारात विकतात. सडकी टमाटी नि वांगी त्या महिनाभर कुंपणालगतच्या बांधावर टाकत होत्या. ढिगावर उंदीर आले, उंदरांवर घारी. यांनी महिनाभर घारी हाकलल्या, पण कुंपणापलीकडे डोकावून पाहिलं नाही. पलीकडे आपलंच वावर, तिथं काय पाहायचं!

वहीत 'कारण' असा रकाना आहे. पेन उघडून ते त्या रकान्यापाशी थांबले. मला त्यांची फार दया आली. 'शेजारच्या शेतातला कचरा' एवढंच लिहा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी लिहिलं: "कुंपणाबाहेर सडक्या टमाट्यांचा ढीग. टाकणारी दुर्गाबाई, माझी बायको. आधी न पाहणारा मी."

"आता नोकरी बी गेली अन् जेवन बी गेलं," असं म्हणून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयातून तपासणीला संघपाल सर आले. कुठं किती विमानं वाढली, कुठं धोका झाला, याचा आढावा घेणं हे त्यांचं काम. तेही अकोल्याचेच. वही वाचताना बहिऱ्या बगळ्यापाशी ते मोठ्यानं हसले आणि शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"साहेब, मानूस बदलून देतो," ठेकेदार पुढे सरसावला.

"बदलाचा तं मले त्या दोन-चार नोंदीवाल्यांचा मानूस बदलाचा हाये," सर म्हणाले. "तिथली पाखरं काय सुटीवर गेली? हा मानूस वहीत सोताच्या बायकोलेबी सोडत नाही. याले हलवू नोका."

नोकरी राहिली. दुर्गाबाईंनी मात्र नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच गेटवर आल्या. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले.

"माझं नाव सरकारी कागदात गेलं म्हने?"

"गेलं," मी म्हटलं.

"मंग हेबी जाऊ द्या. खड्डा खनला, ढीग बुजवला. तारीख टाका." मग जवळ येऊन म्हणाल्या, "अन् पल्याडच्या गोपालच्या वावरात मेलेलं डुक्कर पडलं हाये. आठ घारी. मी मोजल्या."

फेब्रुवारीत एकावन्न नोंदी झाल्या. त्या घारींच्या दिवसानंतर मात्र एकाही विमानाला पुन्हा वर जावं लागलं नाही. शेषरावभाऊंनी पट्टी धरून वहीत एक नवा रकाना आखला आहे: 'कोणी कळवलं'. त्यात अकरा वेळा एकच नाव आहे, आणि अकराही वेळा त्यांनी ते पूर्ण लिहिलं आहे: दुर्गाबाई, माझी बायको.