त्रेचाळीस वेळा ओलांडलेली रेघ

आमच्या वहिनींना रक्तपेढीत सगळे रेघबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांची काही तक्रारही नाही. एकतीस वर्षं झाली, रक्ताच्या पिशव्यांचं थंड कपाट सांभाळायचं हे त्यांचं काम. दोन अंशांच्या खाली जायचं नाही आणि सहाच्या वर जायचं नाही. पूर्वी त्या कपाटाला एक यंत्र होतं. त्यात ताटाएवढा गोल कागद आठवडाभर सावकाश फिरायचा आणि लेखणी त्यावर तापमानाची रेघ काढत राहायची. दर सोमवारी वहिनी तो कागद काढून खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि सांगायच्या, बुधवारी दुपारी कोणीतरी दार उघडं टाकून गप्पा ठोकत होतं. चौकशी केली की ते खरं निघायचं.

मी शिंपी. माणूस तापट आहे, हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे गिऱ्हाइकांना सांगायचे कष्ट पडत नाहीत. दादा-वहिनी वरच्या मजल्यावर, मी आणि बायको खाली, आणि रस्त्याकडच्या खोलीत माझं दुकान. वहिनींच्या या रेघांच्या वेडावर घरात सर्वांत जास्त तोंडसुख मीच घेतलं आहे. घरात कोणाला ताप आला की बाकीचे विचारतात, किती आहे. वहिनी विचारतात, किती वेळ होता. एकदा मी वैतागून म्हटलं होतं की तुम्ही यमालाही दारात उभा करून विचाराल, किती वाजल्यापासून आलात. त्या हसल्या आणि माझ्या तापाची वेळ लिहून घेतली.

दोन वर्षांपूर्वी इस्पितळाने संगणक बसवला. कपाटात पेन्सिलीएवढा तापमापक, त्याची तार भिंतीतून संगणकात, आणि दर मिनिटाला एक आकडा. आकडा सहाची रेघ ओलांडून वर गेला की एक नोंद होते. नोंदी फार झाल्या की संगणक स्वतःच सल्ला देतो: ठेवा, तपासा किंवा टाका. जुनं यंत्र भंगारात जायचं होतं. वहिनींनी अर्ज करून ते त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्याला जोडून चालू ठेवलं. त्याला पत्र्याचं झाकण, झाकणाला कुलूप आणि किल्ली वहिनींकडे. निवृत्त झालेल्या माणसाला रोज हजेरीला कशाला बोलावता, असं मी त्यांना विचारलं होतं.

आता बाटलीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. कपाटातला तापमापक उघडा ठेवत नाहीत. दार उघडलं की आतली हवा क्षणात तापते, पण पिशवीतलं रक्त तापायला बराच वेळ घेतं. म्हणून एका छोट्या बाटलीत ग्लिसरीन भरतात आणि तापमापक त्यात बुडवून ठेवतात. ते रक्तासारखंच सावकाश तापतं, त्यामुळे बाटलीचा आकडा तोच पिशवीचा आकडा असं धरता येतं.

माझ्या बायकोच्या पोटात गाठ होती. दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की जिना चढताना ती दोनदा बसायची. शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली होती, कारण तिचा रक्तगट हजारोंत एखाद्याचा आणि रक्त हाताशी असल्याशिवाय डॉक्टर सुरीला हात लावेनात. शेवटी दोन दाते मिळाले. दोन पिशव्या त्या कपाटात येऊन पडल्या आणि मंगळवारची तारीख ठरली. या खेपेला हुकलं असतं तर पुन्हा दाते कधी मिळतील हे कोणी सांगू शकत नव्हतं, आणि तिच्यात आणखी थांबण्याइतकी ताकद उरली नव्हती. मी त्या दिवसांत गिऱ्हाइकांचे कोट उलट्या बाजूने शिवत होतो.

सोमवारी सकाळी तिला भरती केलं. फॉर्म भरता भरता माझा तास गेला. मग पिशव्या एकदा डोळ्यांनी पाहाव्यात म्हणून मी तळमजल्यावर रक्तपेढीत गेलो. वहिनी संगणकासमोर उभ्या होत्या, शेजारी रक्तपेढीचे मोठे डॉक्टर. पडद्यावर लाल अक्षरांत होतं: मर्यादा त्रेचाळीस वेळा ओलांडली, अठ्ठावन्न पिशव्या टाका. त्या अठ्ठावन्नात आमच्या दोन होत्या.

मी काही बोलायच्या आत वहिनींनीच सांगितलं. गुरुवारी ग्लिसरीन गढूळ दिसलं म्हणून त्यांनी बाटली धुतली. तेवढ्यात अपघात विभागातून फोन आला, रक्त तातडीने हवं होतं. घाईत त्यांनी तापमापक कोरड्या बाटलीतच खुपसला आणि पिशव्या घेऊन धावल्या. चार दिवस संगणक नुसती हवा मोजत होता. दुसऱ्या कोणाची चूक असती तर विजेच्या माणसाने तापमापक दुसऱ्या बाटलीत ठेवला असता, सफाईवाल्याने बाहेर काढून ठेवला असता. धुतलेली बाटली चकचकीत पुसून, कोरडी, बरोबर जागच्या जागी ठेवणं हे फक्त वहिनींनाच जमण्यासारखं होतं. नोंदवहीत ‘चूक कोणाची’ या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

मला तर हायसं वाटलं. हवाच मोजली ना, मग रक्ताला काय धाड भरली आहे, असं मी म्हणालो. वहिनींनी मान हलवली. शनिवार रक्तदानाचा दिवस होता, दार सारखं उघडत होतं, आणि आत रक्ताचं काय झालं हे संगणकाला माहीतच नव्हतं.

ज्या बाईंनी संगणकासाठी तो प्रोग्रॅम लिहिला त्या त्याच इमारतीत बसतात. सगळे त्यांना गणितवाली म्हणतात. त्या आल्या, त्यांनी शनिवारचा आलेख उघडला आणि कपाळाला हात लावला. आकडा सहाच्या आसपास नुसता थरथरत होता, वीस मिनिटांत आठ वेळा वर आणि आठ वेळा खाली. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. रेघेच्या जवळ डळमळणारी वस्तू रेघ पुष्कळदा ओलांडते. ओलांडण्याची संख्या डळमळ किती आहे ते सांगते. ऊब किती साचली ते कळायला प्रत्येक वेळी वर किती गेलं आणि किती वेळ राहिलं हे पाहावं लागतं. त्यांच्या प्रोग्रॅमने प्रत्येक ओलांडणी सारखीच मोजली होती. वहिनी म्हणाल्या, हे मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. गणितवाली म्हणाल्या, हो, आणि मी ऐकलं नाही. पण रक्त चांगलं आहे असंही या आलेखावरून म्हणता येणार नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं.

म्हणजे साक्षीदार एकच उरला होता, खालच्या कप्प्यातला. त्याच्या तापमापकाला ग्लिसरीनची वेगळी बाटली होती, आणि ती भरलेली आहे हे डॉक्टरांनी स्वतः पाहिलं. मी म्हटलं, उघडा झाकण. वहिनींनी किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि कोरा कागद मागितला.

त्यांनी लिहिलं की गुरुवारपासून आजपर्यंत जुन्या यंत्राची रेघ सहाच्या वर एकदाही गेली असेल, तर सगळ्या पिशव्या टाकायच्या. डॉक्टर म्हणाले, पाव-अर्धा अंश पाच मिनिटं वर गेली तर विचार करता येईल. गणितवालींनी विचारलं, नुसती टेकली तर? वहिनींनी पुढे लिहिलं: टेकली तरी टाकायच्या.

माझं डोकं फिरलं. मी त्या खोलीत काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच लिहितो की घरचं माणूस वर पडलंय आणि तुम्ही इथे कायदे करत बसलात, असंही मी म्हणालो. त्या चिडल्या नाहीत.

"भाऊजी, एरवी मी पाच मिनिटं धरली असती," त्या म्हणाल्या. "पण वर माझी जाऊ आहे. आधी कागद पाहिला, तर मला हवा तो नियम मी शोधून काढीन. मी स्वतःला ओळखते."

डॉक्टरांनी सही केली, गणितवालींनी केली. मग वहिनींनी कुलूप काढलं.

कागद निघाला. त्यांनी तो खिडकीशी नेला. मला त्या रेघांतलं काही कळत नाही, मी फक्त त्यांच्या पाठीकडे बघत होतो. बोट गुरुवारवरून सरकलं, शुक्रवार झाला, शनिवारी दुपारी थांबलं. तिथे रेघ चढली होती. वहिनींनी कागद डॉक्टरांच्या हातात दिला आणि बाजूला झाल्या, वाचायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं नाही. डॉक्टरांनी भिंग लावलं, गणितवालींना दाखवलं, पुन्हा भिंग लावलं. मग म्हणाले, पाच पूर्णांक चार, याच्या वर कुठेच नाही.

मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि रडलो. चारचौघांत, मोठ्याने, नाक गळेपर्यंत रडलो. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं. वहिनींनी मला पाण्याचा पेला दिला, बाटलीत ग्लिसरीन भरलं, आणि बाटली भरल्याची सही गणितवालींकडून घेतली. तेव्हापासून ती बाटली दोघांनी पाहिल्याशिवाय कपाटात जात नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. एक पिशवी लागली, दुसरी उरली. पंधरा दिवसांनी बायको घरात हिंडू-फिरू लागली आणि एकदा तर न बसता जिना चढून वर जाऊन आली. मी पुन्हा कोट सुलटे शिवू लागलो. तरी एक गोष्ट मला खात होती. एका संध्याकाळी मी वहिनींना विचारलं की रेघ टेकली असती तर खरंच टाकल्या असत्या का.

"टाकल्या असत्या," त्या म्हणाल्या.

मी तणतणत खाली आलो आणि सगळं बायकोला सांगितलं. लिहिलेला नियम, सह्या, हे उत्तर, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. ती बटणं लावत बसली होती. तिने दोरा तोडला आणि म्हणाली की तिला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मी फॉर्म भरत होतो तेव्हाच वहिनी तिच्या खाटेशी येऊन गेल्या होत्या. बाटली आपल्या हातून कोरडी राहिली हे त्यांनी आधी तिला सांगितलं होतं, मग डॉक्टरांना.

"मीच त्यांना म्हटलं, जरा जरी शंका आली तरी टाका," ती म्हणाली. "त्या टाकतील याची मला खात्री होती. म्हणून तर ती पिशवी चढवली तेव्हा मी डोळे मिटून स्वस्थ पडले."

मी तिच्या हातातला कोट घेतला आणि उरलेली बटणं स्वतः लावली.