पंजाबराव पेंटरची थरथरती रेघ

जानेफळच्या पंजाबराव पेंटरनं तीस वर्षं ब्रश चालवला. रेघ अशी, की दोरी लावून तपासा! त्याचा त्यांना माजही होता, खोटं कशाला बोला. दुसऱ्या कुणाचा बोर्ड दिसला की हे महाशय भर रस्त्यात विचारायचे, "ही रेघ काढली का गांडूळ सोडलं बे?"

दोन वर्षांपूर्वी त्यांचाच हात थरथरायला लागला. झालं! कपबशी वाजते म्हणून टपरीवर जाणं बंद. "मेहकरले डॉक्टरकडे चला," लेक समता रोज सांगायची. पण तिथं गावातल्या कुणी पाह्यलं तर? त्यापेक्षा त्यांनी "जमाना बदलला, ब्रश गेला" असं ठोकून दिलं आणि जुना कॉम्प्युटर आणला. बोर्डाची अक्षरं काढायचं कोरल सॉफ्टवेअर समताला यायचंच. माउसनं कितीही वाकडी रेघ ओढा, बोट उचललं की सॉफ्टवेअर ती गुळगुळीत करून देतं. त्या गुळगुळीतपणाचा आकडा तिनं शंभरावर नेऊन ठेवला. वरून हवी तेवढी जाडी, गोल टोकं, भोवती पांढरी किनार. गाव म्हणालं, पंजाबराव या वयात मॉडर्न झाले. त्यांनीही नाही म्हटलं नाही.

मग पुण्याहून परतलेल्या हर्षलनं ठेचा-भाकरीचं हॉटेल काढलं आणि बोर्ड करायला आला. पंजाबरावांची अक्षरं पाहून त्यानं नाक मुरडलं.

"काका, हे लय चिकनं झालं. हातानं काढल्यावाणी पाह्यजे. लाईन थरथरली पाह्यजे."

पंजाबराव चरकले. याला कुणी सांगितलं?

समतानं घाईनं रेघेला तयार ब्रशची स्टाईल लावली. हर्षल वाकून पाहत राहिला. "नाई. सगळ्या अक्षरांत थरथर एकाच जागी आहे. बनावट वाटते."

समतानं तो शंभराचा आकडा शून्यावर आणला. "आता काढा, बाबा."

"चारचौघांत माही शोभा करतं काय?" ते पुटपुटले. पण गिऱ्हाईक समोर उभं. काढली. हातातली एकेक थरथर पडद्यावर जशीच्या तशी उमटली. लाजेनं त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आरारा, काय कारागिरी!" हर्षल ओरडला. "मुद्दाम असं थरथरवाचं म्हणजे खायचं काम नाई!"

पंजाबरावांनी एक डोळा उघडला. "तीस वर्षांचा रियाज आहे," ते म्हणाले. काय माणूस आहे बघा!

तो बोर्ड लागला आणि रसवंतीवाल्यापासून सलूनवाल्यापर्यंत जो तो तीच रेघ मागू लागला. बाप जरा खुलला, हे पाहून समतानं त्याला एकदाचं डॉक्टरकडे ओढत नेलं. गोळीनं आठ दिवसांत हात स्थिर झाला. पंजाबरावांनी टपरीवर भर गर्दीत बशीतून चहा प्याला, थेंब सांडला नाही. घरी येऊन ते लेकीपुढे ढसाढसा रडले.

दुसऱ्याच दिवशी थेट धामणगाव बढ्याहून रेणुकाबाई पार्लरच्या बोर्डासाठी आल्या. पंजाबरावांनी रेघ ओढली. सरळ. पुन्हा ओढली. पुन्हा सरळ.

"हे तर कॉम्प्युटरचं वाटते," बाई हिरमुसल्या. "मले तुमच्या हाताचं पाह्यजे होतं."

आता रोज सकाळी समता पाण्याचा गिलास आणि गोळी घेऊन समोर उभी राहते. पंजाबराव आधी ऑर्डरची वही उघडतात. "आज काम आहे," म्हणतात, आणि गोळी खिशात टाकतात.