ओली फिल्म
व्हिनेगरचा आंबट वास आला की बारामतीच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. भवानीनगरच्या साखर कारखान्यावर ऊस घालायला गेलेले आबा, माझे आजोबा, गाडीवरून पडले होते. त्यांना हलवता येईना, म्हणून चाकांवरचं एक्स-रे मशीनच खाटेपाशी ढकलत आणलं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते. कंपाउंडरने नुकतीच धुतलेली फिल्म माझ्याकडे दिली आणि उन्हात वाळव म्हणाला. तेवढ्यात आबांनी विचारलं, "काय दिसतंय रं? उभा राहीन का मी?" घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यातही सायन्सला. आत्या म्हणाली, "सांग की, लाजतूस कशाला?" मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मोडलेलं हाड कुठलं आणि धड कुठलं, काहीच कळेना. फिल्म धुतलेल्या औषधाचं व्हिनेगरसारख्या वासाचं गार पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. "आबा, हे न्हाय शिकवत आमाला," मी कसंबसं म्हणालो. "मग काय शिकिवत्यात तितं?" आबा हसले, पण माझ्यावरची नजर हटवेनात. संध्याकाळी डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, तेव्हा खुब्याचं तुटलेलं हाड मलाही लख्ख दिसलं. आबा पुन्हा उभे राहिले नाहीत. आता असे फोटो लगेच पडद्यावर उमटतात, पण "काय दिसतंय?" असं कुणी विचारलं, की माझा हात अजून कोपरापर्यंत गार पडतो.